औषधाचे उद्यापन

आलेल्या दुःखाशी झगडणाऱ्याला जग धीर देते, पाण्याचा पेला पुढे करते, खांद्यावर हात ठेवते. जे दुःख अजून आलेले नाही, आणि येऊ नये म्हणून ज्याला रोज थोडे थोडे राबावे लागते, त्याच्याकडे मात्र सगळे संशयाने पाहतात. कारण त्याच्या कष्टांचे फळ म्हणजे काहीच न घडणे. आणि काही घडले नाही ते आपल्यामुळेच, हे त्याने कोणाला कसे पटवावे? कर्तव्याचा हा प्रकार सर्वांत अवघड, असे मला आता या वयात वाटते. ज्या प्रसंगाने तसे वाटू लागले तो सांगतो. त्यात दुष्ट कोणी नव्हते. असते तर माझा संताप निदान ठिकाणी लागला असता.

कार्तिकातली द्वादशी होती. आंबेजोगाईत दोन गल्ल्या पलीकडे माझी मुलगी वसुधा दिली होती, तिच्या घरी मला जेवणाचे बोलावणे होते. दारात मोठी रांगोळी, चौकटीला आंब्याचा डहाळा, ओसरीवर दोन पाट, आणि आतून पुरणाचा वास. पाटावर बसायला आलेले मेहूण, म्हणजे जोशी पतिपत्नी, नटूनथटून भिंतीला टेकले होते. मी वसुधेला विचारले की आज कसले कार्य आहे. ती खाली पाहून म्हणाली, "बाबा, आधी पाय धुवून घ्या."

लेकीने प्रश्नाला बगल दिली की बापाने ओळखावे; मी ओळखले नाही. तेवढ्यात सोवळे नेसलेले माझे व्याही दामोदरपंत चौसाळकर माजघरातून बाहेर आले. हे गावातले नावाजलेले याज्ञिक. अर्ध्या आंबेजोगाईची लग्ने, मुंजी, व्रते यांच्या हातून झालेली. आवाज खणखणीत, पाठांतर निर्दोष, आणि स्वतःविषयी शंका म्हणून कधी शिवलेली नाही.

"या शास्त्रीबुवा," ते म्हणाले. "अगदी वेळेवर आलात. औषधाचे उद्यापन आहे."

मला वाटले, आपण चुकीचे ऐकले. पण चौरंगाकडे पाहिले आणि कानांवरचा दोष मागे घेतला. तांदळाच्या राशीवर कलश होता, सुपारीचा गणपती होता, आणि त्यांच्या शेजारी, हळदकुंकू आणि अक्षता वाहिलेली, माझ्या नातीच्या गोळ्यांची पांढरी डबी होती.

इथे थोडे मागचे सांगावे लागेल.

रेवती तेव्हा सहा-सात वर्षांची. चिमणीसारखी बडबडी, अंगणात दिवसभर लंगडी घालणारी. पण दर महिना-दीड महिन्याने एखाद्या दिवशी उजाडण्यापूर्वी ती अंथरुणात उठून बसे, तोंड पाण्याने भरून येई, आणि उलट्या सुरू होत. एक नव्हे, दोन नव्हे. पोटात काही उरले नाही तरी हिरवे पित्त पडेपर्यंत. चेहरा चुन्यासारखा पांढरा. बोलायची नाही, उजेड सहन व्हायचा नाही, आईने कपाळावर हात ठेवला तरी तो बाजूला करायची. दिवस-दोन दिवस हा छळ चाले. मग अचानक, जसा कोणी दिवा लावावा तशी, ती उठून तूप-मीठ-भात मागे, आणि तासाभरात पुन्हा अंगणात लंगडी. मधल्या काळात तिला काही म्हणता काही नसे.

हे मधले निरोगीपणच सगळ्यांना फसवीत होते. कोणी जंत म्हणाले, कोणी पित्त, कोणी दृष्ट. दामोदरपंतांनी देवीचा अंगारा लावला, अमावास्येचा हिशेब मांडला. तो जुळेना तेव्हा पौर्णिमेचा मांडला. शेवटी माझा जावई मुकुंदराव, जो परळीच्या वीजकेंद्रात पाळीवर असे आणि वडिलांपुढे फारसा बोलत नसे, तिला उचलून बसस्थानकामागे नव्याने दवाखाना थाटलेल्या हिप्परगेबाईंकडे घेऊन गेला. या बालरोगाच्या डॉक्टर. त्यांनी सगळे तपासले, काही वाईट नाही याची खात्री करून घेतली, आणि मग विचारले, घरात कोणाला अर्धशिशी होती का. वसुधेची आई, माझी पत्नी, जन्मभर अर्धशिशीने अंधाऱ्या खोलीत पडून राहिली. बाई म्हणाल्या, हे त्याच जातीचे आहे, फक्त डोक्याऐवजी पोटात उठते. आला झटका की सलाईन लावू. पण खरे औषध झटक्यात द्यायचे नसते, मुलगी बरी असताना रोज द्यायचे असते, म्हणजे झटका यायचाच थांबतो. अर्धशिशीवर देतात तशीच गोळी, लहान मात्रेत, रोज सकाळी. उपाशी ठेवायचे नाही, जागरण नाही. चार-सहा महिने द्या आणि मला दाखवा.

दामोदरपंत हे ऐकून मला म्हणाले होते, "आजार आपल्या घरातून आला शास्त्रीबुवा, आणि औषध आमच्या घरात." व्याह्याचा टोमणा म्हणून मी तो गिळला. मुलीच्या बापाला असे पुष्कळ गिळावे लागते.

ते दिवस आषाढातले होते. चातुर्मास सुरू होत होता. या गावात आषाढी एकादशीला घरोघर कोणी ना कोणी काही नेम धरतो: कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी पानावर मीठ घेत नाही, कोणी रोज पोथीचा अध्याय वाचतो, आणि कार्तिकात त्याचे यथासांग उद्यापन होते. दामोदरपंतांनी नातीला मांडीवर घेतले, हातावर पाणी सोडले, आणि गोळीचा संकल्प केला: मम पौत्र्याः आरोग्यप्राप्त्यर्थं औषधसेवनाख्यं व्रतमहं करिष्ये, माझ्या नातीला आरोग्य लाभावे म्हणून औषध घेण्याचे व्रत मी करीन. मी समोर होतो. ऐकून मनात हसलो, आणि गप्प राहिलो, कारण संस्कृत निर्दोष होते आणि गोळी पोटात जात होती. चार महिने एक दिवस चुकला नाही. व्रत असल्यामुळेच चुकला नाही, हेही कबूल केले पाहिजे. आणि चार महिन्यांत एकही झटका आला नाही.

तर आता ती डबी चौरंगावर होती.

"डॉक्टरांना विचारलेत?" मी म्हणालो.

"डॉक्टरांना उद्यापनातले काय कळते?"

"चार-सहा महिने द्या आणि मला दाखवा, असे त्या म्हणाल्या होत्या, पंत."

"चार किंवा सहा," ते शांतपणे म्हणाले. "शास्त्रात विकल्प आला की कर्त्याने सोयीचा घ्यावा. मी चातुर्मास घेतला."

"आणि 'मला दाखवा'?"

"तो अर्थवाद."

अर्थवाद म्हणजे शास्त्रातला तो भाग, ज्यात नुसते वर्णन असते, पाळायची आज्ञा नसते. एका डॉक्टरने चिठ्ठी देताना सांगितलेल्या वाक्याला हा न्याय लावलेला मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. मी चाळीस वर्षे संस्कृत शिकविले. विद्यार्थ्यांनी माझा पुष्कळ अंत पाहिला. पण माझ्याच शस्त्राने माझी अशी बोलती कोणी बंद केली नव्हती. मी आवाज चढवला. औषध हे व्रत नव्हे, असे मी म्हणालो. मग चार महिने आपण समोर बसून काय पाहत होतात, असे त्यांनी विचारले. उद्यापन झालेले व्रत पुढे चालू ठेवणे हाच दोष आहे, असेही त्यांनी सांगितले, आणि दोन वचने सांगितली. मी तीन सांगितली. जोशी पतिपत्नी पाटावर बसून आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती आणि पुरणपोळीवरचे तूप थिजत होते. शेवटी जोशीकाकू म्हणाल्या, "व्याही-व्याही भांडताना लग्नात पाहिले होते. उद्यापनातही भांडतात हे आज कळले."

वसुधा वाढायला आली. माझ्या पानात पोळी घालताना तिने हळूच सांगितले, "बाबा, जेवा. तुम्ही पानावरून उठलात तर मला इथे तोंड दाखवता येणार नाही."

मी जेवलो. काय जेवलो ते कळले नाही.

जेवणानंतर विसर्जन झाले. याज्ञिक सगळ्या देवतांना निरोप देताना 'पुनरागमनाय च' म्हणतो, पुन्हा यावे म्हणून. दामोदरपंतांनी कलशाला तसे म्हटले, गणपतीला तसे म्हटले. डबीवर अक्षता टाकताना मात्र ते दोन शब्द त्यांनी गिळले. आजाराला पुन्हा ये असे कोण म्हणेल? मग रेवतीला पुढे ओढून तिच्या डोक्यावर हात ठेवून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ही माझी नात बरी झाली." डबी निर्माल्याच्या परडीत पडली. आत अजून गोळ्या खुळखुळत होत्या. मी परडीकडे हात नेला तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी हात मागे घेतला. निर्माल्यातले परत काढलेले मीही कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी वसुधेला गाठले आणि सांगितले, दुसऱ्या गोळ्या आण. ती म्हणाली, मामंजींनी घरात स्पष्ट सांगितले आहे. मुकुंदरावांना निरोप पाठवला तर त्यांनी उलट निरोप धाडला की बाबांचे मन मोडवत नाही, थोडे दिवस पाहू. मी हिप्परगेबाईंकडे गेलो. त्या लातूरला गेल्या होत्या. प्रत्येक दारावर मला कोणी ना कोणी सांगत होते की मुलगी तर बरी आहे. आणि ती होती. अंगणात लंगडी चालू होती. मी एकटाच वेड्यासारखा एका निरोगी मुलीसाठी औषध मागत फिरत होतो.

कार्तिक संपायच्या आत एके दिवशी उजाडता उजाडता माझ्या दारावर थाप पडली. शाल पांघरलेले दामोदरपंत उभे होते. ते फक्त "चला" म्हणाले.

दवाखान्यात रेवतीला सलाईन लावलेले होते. खिडकीवर चादर टांगून खोलीत अंधार केला होता. मुकुंदराव परळीला पाळीवर होते; वसुधा हातात बादली धरून पलंगाशी उभी होती, आणि पोर एवढीशी होऊन उशीवर पडली होती. दर थोड्या वेळाने तिचे अंग आखडायचे, वसुधा तिला उचलायची, आणि मग पुन्हा सगळे शांत. त्या शांततेत ती डोळे मिटून ओठ चाटायची. पण पाणी द्यायला गेले की मान फिरवायची. मी तिथे फार वेळ उभा राहू शकलो नाही.

हिप्परगेबाई बाहेर आल्या. तरुण बाई, चष्मा कपाळावर चढवलेला, रात्रपाळीने थकलेल्या. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहून विचारले, "गोळी कधी बंद केली?"

मी व्याह्यांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली नाही. ते म्हणाले, "उद्यापन केले."

"कशाचं?"

"औषधाचे."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, त्यांच्याकडे नीट पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही काय करत होतात?"

मी काय करत होतो ते सांगायला लागलो असतो, तर त्यात विकल्प आणि अर्थवाद आले असते. मी म्हणालो, "भांडत होतो."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

सूर्य वर आला. तासाभराने बाई पुढचे सांगायला पुन्हा बाहेर आल्या, तर दामोदरपंत व्हरांड्याच्या कोपऱ्यात पूर्वेकडे तोंड करून बसलेले. दवाखान्यातला स्टीलचा पेला समोर, हाताची ओंजळ, डोळे मिटलेले. संध्या चालली होती. आयुष्यात त्यांनी ती एक दिवस चुकवली नव्हती. मुलाच्या लग्नात नाही, ताप असताना नाही, बायको वारली त्या दिवसांत शास्त्राने सूट दिली तेवढी सोडून नाही. बाई हातात कागद घेऊन उभ्या राहिल्या. एक पाय आपटत होत्या. मी म्हणालो, होईलच आता. त्या म्हणाल्या, आत दुसरी तीन मुले रडत आहेत.

अर्घ्य देऊन ते उठले तेव्हा बाईंचा धीर सुटला होता. "पंत," त्या म्हणाल्या, "एक विचारू? हे जे तुम्ही रोज करता, ते कशासाठी? बरं वाटत नाही म्हणून?"

मला तो उद्धटपणा वाटला. गावातल्या एवढ्या मोठ्या माणसाला कोणी असे विचारीत नाही. दामोदरपंतांनी पेला पुसून जागेवर ठेवला.

बाईंनी मग सांगितले की झटका ओसरला की गोळी पुन्हा सुरू करायची.

"किती काळ?" पंतांनी विचारले.

"मी सांगेन तोवर."

"म्हणजे किती?"

"आज सांगता येत नाही. वर्ष, दोन वर्षं. मुलगी मोठी होईल तसं बघू."

"अवधीशिवाय संकल्प होत नाही."

"मग संकल्प करू नका. गोळी द्या."

"आणि उद्यापन झालेले व्रत त्याच कारणासाठी पुन्हा धरता येत नाही."

बाईंनी कागद माझ्या हातात दिला, जणू दोघांत मीच त्यातल्या त्यात वाचू शकणारा होतो, आणि त्या निघून गेल्या. त्यांच्या पाठीकडे पाहताना माझा सगळा राग उसळून आला. मी व्याह्यांना नको ते बोललो. तुमचा विकल्प आत बादलीत पडतो आहे, असे बोललो. ज्या पोथीने पोर मरायला टेकते ती पोथी बंद करा, असेही बोललो, आणि हे बोलणारा मी, ज्याचे आयुष्य त्याच पोथ्यांत गेले.

त्यांनी ऐकून घेतले. बाकावर बसले. मग ते म्हणाले, "ती मला रोज विचारायची."

"काय?"

"गोळी देताना. 'आजोबा, मी अजून आजारी आहे का?' रोज सकाळी. मी काय सांगू? नाही म्हटले तर म्हणायची, मग गोळी कशाला? हो म्हटले तर खेळायला जाताना मागे वळून माझ्याकडे पाहायची. पोर हसताना मध्येच थांबायला लागली होती, शास्त्रीबुवा. आपण दोन गल्ल्या लांब. आपल्याला दिसले नाही." त्यांनी शाल सारखी केली. "मला एक दिवस असा हवा होता, की चार माणसांत तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगता येईल, बाळ, संपले."

राग मात्र होता. तो कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून मी चिडून चहा आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवती उठून बसली आणि तिने तूप-मीठ-भात मागितला. वसुधेने भरवला. मग पदराला हात पुसून ती बाहेर आली. लग्न होऊन आल्यापासून तिने सासऱ्यांना कधी उलट उत्तर दिलेले मी ऐकले नव्हते, आणि त्या दिवशीही तिचा आवाज चढला नाही.

"मामंजी, मी तिला गोळी देणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तर चोरून देईन. तुमच्या घरात मला चोरी करावी लागेल, एवढे आधी सांगून ठेवते. नंतर कळले तर तुम्हांला वाईट वाटेल."

दामोदरपंत तिच्याकडे पाहत राहिले. सून चोरी करणार हे तोंडावर सांगते, यावर कोणते वचन लागू पडते ते त्यांना आठवत नसावे. ते घरी गेले.

मी तो उरलेला सगळा दिवस ग्रंथ उपसण्यात घालवला. मला आता हरायचे नव्हते. उद्यापनानंतर तेच व्रत पुन्हा धरता येते, याला आधार शोधला. आजारी माणसाला सगळे नियम शिथिल होतात, याला शोधला. मुलीच्या आईचा अधिकार कितपत, तेही पाहिले. वचने तोंडपाठ केली, ओळ लावली, कुठे ते काय म्हणतील आणि मी काय म्हणेन हेही ठरवले. सकाळी स्नान करून, परीक्षेला निघाल्यासारखा मी निघालो.

रेवतीला रात्रीच घरी आणले होते. घरात शांतता होती. वसुधा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिने मला ओठांवर बोट ठेवून थांबवले. देवघरासमोर दामोदरपंत संध्येला बसले होते, आणि त्यांच्या शेजारी, छोट्या पाटावर, फ्रॉक घातलेली रेवती मांडी घालून बसली होती. अशक्तपणाने मान जरा कललेली. पण बसली होती. मला थांबावे लागले. माझी वचने तोंडात तशीच राहिली.

अर्घ्य झाले, जप झाला. दामोदरपंतांनी उठण्याआधी पंचपात्राच्या मागून एक नवी पांढरी डबी काढली. हळदकुंकू नव्हते. त्यांनी गोळी नातीच्या तळहातावर ठेवली आणि आपल्याच पळीने तिच्या ओठांशी पाणी नेले.

"आजोबा," तिने गोळी गिळून विचारले, "मी अजून—"

"मी आजारी आहे का?" त्यांनी तिला मध्येच थांबवून विचारले.

ती हसली. "नाही."

"तरी रोज इथे बसतो की नाही?"

"बसता."

"मग तूही बस. माझे झाले की तुझे. जा, आईकडून दूध घे. उपाशी फिरायचे नाही."

ती गेली. मी तिथेच उभा होतो. ते पळी पुसत माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, बरे वाटत नाही म्हणून करता का. मला राग आला. पण काल इथे बसलो तेव्हा तेच कानात. शास्त्रीबुवा, मी तिची गोळी काम्य धरली होती. फळ मागून केलेले काम. फळ मिळाले, उद्यापन केले, मोकळा झालो. ती नित्य आहे. नित्याला फळ नसते. केले तर काही दिसत नाही. चुकले तरच दिसते. त्याला संकल्पात अवधी नाही आणि त्याचे उद्यापन कोणी करीत नाही. आपण तर हे मुलांना शिकवलेत."

शिकवले होते. काम्य आणि नित्य यांतला भेद मी चाळीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. आणि अर्धा दिवस ग्रंथ उपसून मी जी वचने गोळा केली होती, त्यांत तो नव्हता.

"मी आज पुष्कळ आधार आणले होते," मी जरा रागानेच म्हणालो.

"ठेवा," दामोदरपंत म्हणाले. "लागतील."

ते लागले. रेवती नित्य बसत राहिली. मधल्या काळात एकदा झटका आला तो हलका; मग तोही नाही. दोन-अडीच वर्षांनी हिप्परगेबाई म्हणाल्या, आता मात्रा हळूहळू कमी करून गोळी थांबवू. आणि दामोदरपंत तयार होईनात. नित्य कर्म थांबवायचे कसे, असे त्यांनी बाईंना विचारले. बाईंनी दोन्ही हातांनी डोके धरले आणि मला निरोप पाठवला की गुरुजी, तुमच्या व्याह्यांना आवरा, आधी बंद करू नका म्हणून घसा कोरडा केला, आता बंद करा म्हणून करते आहे. मी गेलो. चडफडतच गेलो. या माणसाला एकदा तरी वेळेवर पटावे, असे वाटत होते. मी त्यांना विचारले, ब्रह्मचाऱ्याला रोज अग्नीत समिधा घालायची असते ती नित्य की काम्य? ते म्हणाले, नित्य. मग सोडमुंज होऊन तो गृहस्थाश्रमाकडे निघाला की समिधा कोण घालतो? ते म्हणाले, "म्हणजे मुलगी पुढच्या आश्रमात गेली म्हणता."

"गेली," मी म्हणालो.

गोळी बाईंनी सांगितली तशी हळूहळू थांबली. उद्यापन झाले नाही. पुढच्या सकाळीही पाट मांडलेला होता आणि रेवती आजोबांशेजारी बसली. डबी नव्हती, नुसती बसली. पुढे तिला कधीमधी डोके दुखायचे, आजीसारखे. त्यावरचा उपाय ती आता स्वतः जाणते. दामोदरपंत गेल्याला बरीच वर्षे झाली. शेवटच्या आजारात त्यांना उठवत नव्हते तेव्हा पळीत पाणी घेऊन त्यांच्या ओंजळीत सोडायला तीच बसत असे.

मी अजून त्यांच्यावर मधूनमधून चिडतो. ज्याच्याशी भांडायचे तो समोर नसला की चिडणे फार ओसाड होते.

मुलांच्या अंगात लपून राहणारी दुखणी जागी होऊ नयेत म्हणून रोज सकाळी जे जे हात न कंटाळता पुढे होतात, त्यांना बळ मिळो; थकलेल्या डॉक्टरांना ऐकणारी माणसे भेटोत; सुनांना आपल्या घरात चोरी करावी न लागो; आणि माझ्या व्याह्यांना जिथे असतील तिथे शांती असो. रेवती, बाळ, तू सुखी राहा.